बार भरणाऱ्यांची विद्या

फ्रान्समधील शातोरू येथे १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनी ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळविले. त्याआधी २०१० साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिक येथे ५० मीटर रायफलच्या पालथ्या स्थितीतील प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जगज्जेत्या झाल्या होत्या. कोल्हापूर आम्हां सीमाभागातील मराठी माणसांना परगाव वाटत नाही, त्यामुळे दोन्ही वेळी आमच्याकडे घरचेच कार्य असल्यासारखा आनंद झाला. या दोघांचा मनोनिग्रह, त्यांनी श्वासावर मिळविलेला ताबा, घरच्यांनी सोसलेला खर्च यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आणि ते उचितच होते. परंतु नेम धरणारा माणूस आणि भोक पडणारे लक्ष्य यांच्या मध्ये आणखी एक वस्तू असते, तिच्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. ती वस्तू म्हणजे काडतूस. माणूस कितीही स्थिर राहिला तरी काडतूस लहरी असेल तर त्याच्या स्थिरतेचे चीज होत नाही. हे काडतूस ‘स्थिरबुद्धी’ कसे करावे, याचा ध्यास घेतलेल्या माणसांची एक निराळीच विद्या आहे. तिचे माहेर अमेरिका. त्या विद्येची ओळख आमच्या वाचकांस करून द्यावी, असे आम्हांस बरेच दिवस वाटत होते.

काडतूस हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाला. त्यांच्या ‘कार्तुशो’चे मराठी जिभेने काडतूस केले. पण त्याच्याही आधीपासून आपल्या भाषेत ‘बार’ आहे. बार भरणे, बत्ती देणे, फुसका बार, इतकेच काय, लग्नाचाही आपण ‘बार’च उडवून देतो. हे सारे शब्दप्रयोग अशा काळातले आहेत की ज्या काळी प्रत्येक बंदूकवाला आपला बार आपणच भरीत असे. कोकणात आणि गोव्याच्या बाजूस ठासणीची बंदूक पाहिलेली माणसे अजून आहेत. नळीच्या तोंडातून मापाने दारू ओतायची, वर बोळा, मग शिसे, पुन्हा बोळा, ते गजाने ठासायचे, आणि मागे टोपी बसवून घोडा ओढायचा. माप चुकले, ठासणे कमीअधिक झाले, बोळा सैल पडला, की नेम चुकलाच. जुन्या हातांना हे कोणी पुस्तकातून शिकविले नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धातूच्या नळकांड्याचे काडतूस आले, ते कारखान्यात तयार होऊ लागले, आणि जगातील बहुतेक बंदूकवाल्यांनी बार भरणे सोडून दिले. अमेरिकेत मात्र ते सुटले नाही. तेथील अंतरे मोठी, दुकाने दूर, आणि काडतुसे महाग; त्यामुळे पश्चिमेकडच्या गवताळ मैदानांत रानरेड्यांच्या मागे फिरणारा शिकारी झाडलेली पितळी नळकांडी उचलून ठेवी आणि रात्री शेकोटीपाशी ती पुन्हा भरी. न्यू हेवन गावच्या जॉन बार्लो नावाच्या गृहस्थाने १८८४ साली यासाठी लागणारी हत्यारे बनविण्याचा कारखानाच काढला. त्याचे मुख्य हत्यार दिसावयास आपल्या सुपारीच्या अडकित्त्यासारखे होते, आणि ते खिशात मावे.

ही काटकसर नेमबाजीच्या कामी कशी आली, हे १८७४ साली दिसले. न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर येथे अमेरिकन आणि आयरिश संघांचा सामना झाला. अंतरे ८००, ९०० आणि १००० यार्ड. आयरिश नेमबाज त्या वेळी जगात अव्वल समजले जात, आणि त्यांच्या हातात अजून तोंडातून भरण्याच्या रायफली होत्या. अमेरिकनांकडे मागून भरण्याच्या रायफली आणि स्वतः जोखून भरलेली पितळी काडतुसे. अखेरचा अमेरिकन नेमबाज, कर्नल बोडाइन, नेम धरावयास गेला तेव्हा हातात फुटलेल्या बाटलीने त्याचा तळवा कापलेला होता. तो तसाच पडून नेम धरता झाला आणि त्याची गोळी लागली. अमेरिकन संघ ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी जिंकला. एका आयरिश नेमबाजाची गोळी शेजारच्या लक्ष्यावर गेली होती, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर इतिहास एकांगी होतो.

आता काडतुसाची घडण पाहू. त्यात चार वस्तू असतात: पितळेचे नळकांडे, त्याच्या बुडाशी बसविलेली पेटती टोपी, आतली दारू आणि तोंडाशी घट्ट धरलेली गोळी. यांपैकी टोपी, दारू आणि गोळी एका झाडणीत संपतात, नळकांडे उरते. म्हणून घरी काडतूस भरणाऱ्याचा सारा संसार त्या नळकांड्याभोवती चालतो. झाडताना ते फुगून नळीच्या पोटाला चिकटते. मग त्याला पोलादी साच्यात दाबून पूर्वीच्या मापाला आणावे लागते, लांबी वाढली असेल तर ती कापावी लागते, जुनी टोपी काढून नवी बसवावी लागते. पितळेत साधारण ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त असते. ते वारंवार फुगून आणि दाबून कठीण होत जाते व शेवटी मानेशी तडकते. यावर उपाय कोणता, हे आपल्या तांबटाला विचारावे. ठोकून ठोकून कडक झालेला पत्रा तो भट्टीत तापवतो आणि पत्रा पुन्हा नरम होतो. अमेरिकन छांदिष्टही तेच करतो. फक्त त्याला नळकांड्याची मानच तेवढी तापवायची असते, बूड नाही. कारण बूड नरम पडले तर स्फोटाचा दाब त्याला पेलवणार नाही.

टोपीची एक गंमत आहे. एडवर्ड बॉक्सर हा इंग्रज अधिकारी, तर हायरम बर्डन हा अमेरिकन. दोघांनी एकोणिसाव्या शतकात टोपी बसविण्याच्या दोन तऱ्हा काढल्या. इंग्रजाची तऱ्हा अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची युरोपने. बॉक्सरच्या तऱ्हेत नळकांड्याच्या बुडाला मधोमध एकच छिद्र असते, त्यातून सळई घालून जुनी टोपी सहज ढकलता येते. बर्डनच्या तऱ्हेत छिद्रे दोन आणि तीही आडबाजूला, त्यामुळे जुनी टोपी काढणे जिकिरीचे. घरी काडतूस भरण्याची हौस अमेरिकेत फोफावण्याला बॉक्सरचे ते एकच छिद्र बरेच कारण झाले आहे.

दारू जोखण्याचे त्यांचे माप ग्रेन. एक पौंडात ७००० ग्रेन. म्हणजे एक ग्रेन आपल्या सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याहून किंचित अधिक. हे लोक ग्रेनच्या दहाव्या हिश्शापर्यंत तोलतात. इतका काटेकोरपणा केवळ नेमासाठी नसतो, जिवासाठीही असतो. .३०८ विंचेस्टर हे १९५२ साली निघालेले काडतूस आजही लक्ष्यवेधात आणि शिकारीत चालते. त्याच्या नळकांड्यातील दाबाची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला ६२,००० पौंड धरली आहे. आमच्या भगिनींच्या स्वयंपाकघरातील कुकरची शिटी सुमारे १५ पौंडांना होते, यावरून चार हजार पटींचा हा दाब कसला असेल ते ताडावे. ही दारू स्वभावाने निरनिराळी असते. पिस्तुलाची झटकन जळते, रायफलीची सावकाश. एकीच्या जागी दुसरी पडली तर नळी फाटून माणूस आंधळा होऊ शकतो. म्हणून टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवायचा, छापील कोष्टकाबाहेर जायचे नाही, आणि कोष्टकातही खालच्या मापापासून आरंभ करायचा, असा त्यांचा दंडक आहे.

खालच्या मापापासून थोडथोडी दारू वाढवीत प्रत्येक मापाच्या काही गोळ्या झाडून पाहणे, हेच ‘रायफलीला मानवेल असे काडतूस शोधणे’. मानवेल हा शब्द आम्ही जाणून योजला आहे. गोळी सुटताना रायफलीची नळी ताठ राहत नाही. ठोका दिलेल्या घंटेसारखी ती थरथरते. गोळी तोंडातून बाहेर पडते त्या क्षणी नळीचे तोंड जिकडे असेल तिकडे ती जाते. दारू, गोळीचे वजन, गोळी किती खोल बसविली आहे व नळीतील पेचदार खाचांपासून ती किती अंतरावर आहे, या साऱ्यांवर तो क्षण ठरतो. सर्व गोळ्या सारख्याच क्षणी, सारख्याच वेगाने सुटल्या तर त्या एकाच जागी लागतील. ती जागा मध्यबिंदूपासून दूर असली तरी चिंता नसते, दुर्बीण चार खुणा फिरविली की काम झाले. गोळ्या विखुरल्या तर मात्र दुर्बीण काही करू शकत नाही. यावरून वाचकांच्या ध्यानात येईल की येथे जोराला किंवा वेगाला विशेष मान नाही. मान आहे तो सारखेपणाला. कित्येकदा सर्वांत वेगवान बार सर्वांत विस्कळीत निघतो.

या सारखेपणाच्या मागे आयुष्य वेचलेल्या एका डॉक्टराची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. फ्रँकलिन मान हे मॅसॅच्युसेट्समधील मिलफर्डचे. जन्म १८५६, मृत्यू १९१६. वैद्यकी शिकले, पण पैसा मिळविला तो कोंबड्यांच्या खाद्यासाठी हाडे भरडण्याचे यंत्र काढून; आणि तो पैसा खर्चिला गोळीच्या मागे. माणसाच्या हाताचा, डोळ्याचा, श्वासाचा दोष मधे येऊच नये म्हणून त्यांनी जमिनीत पक्का ओटा बांधला, त्यावर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची पन्हाळ बसविली आणि नुसती नळी तीत ठेवून गोळ्या झाडल्या. त्या ओट्याला त्यांनी नाव दिले होते जिब्राल्टर. गोळीच्या वाटेवर पातळ कागदाचे पडदे लावून ती कोठे कशी कलते याची भोके ते मोजीत. माणूस काढून टाकला तरी गोळ्या एका भोकात जाईनात. मग त्यांनी मुद्दाम गोळ्या बिघडवल्या. काहींची टोके ठेचली, काहींच्या बुडाची कड कापली. आपल्याला वाटेल की टोक ठेचलेली गोळी भरकटेल. झाले उलटे! टोक ठेचलेल्या गोळ्यांचे फारसे बिघडले नाही, आणि बुडाची कड थोडी कापलेल्या गोळ्या भलतीकडे गेल्या. कारण असे की नळीच्या तोंडातून शेवटी बाहेर पडते ते गोळीचे बूड. ते एका बाजूने आधी सुटले की तिथून वायूचा झोत निसटतो आणि गोळीला ढकलतो. एवढे करूनही जो दोष उलगडेना त्याला त्यांनी प्रामाणिकपणे ‘क्ष-दोष’ असे अज्ञात राशीचे नाव दिले. हे सारे त्यांनी १९०९ साली ग्रंथरूपाने छापले. विज्ञानाचे पुस्तक कसे लिहावे याचा तो एक नमुना आहे, कारण फसलेले प्रयोग त्यात यशस्वी प्रयोगांच्याच मांडीला मांडी लावून बसले आहेत.

मान यांच्या वाटेने पुढे गेलेल्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत एक खेळच उभा केला. रायफल टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर ठेवायची, आणि पाच गोळ्यांचा पुंजका किती लहान येतो एवढेच मोजायचे. स्पर्धक भरण्याची हत्यारे मैदानावरच मांडतो आणि मोजकी नळकांडी दिवसभर पुनःपुन्हा भरतो. लुई पाल्मिसानो नावाचे शल्यविशारद आणि फेरिस पिंडेल नावाचे कारागीर या दोघांनी १९७५ साली या खेळासाठी एक बुटके, जाडसर काडतूस घडविले आणि त्याने बाकीच्यांना मागे सारले. या खेळातील एक गोष्ट आम्हांस फार बोधक वाटते. हे लोक नळकांड्याच्या मानेची जाडी केसाच्या अंशापर्यंत सारखी करतात, पण त्यांतील कित्येक जण दारू मात्र तराजूत न तोलता मापाने ओततात, आणि तरी जिंकतात! कोठे काटेकोर असावे आणि कोठे नसले तरी चालते, हे कळायला त्यांना पुष्कळ गोळ्या झाडाव्या लागल्या.

येथवर सारी कारागिरी झाली. खरी कसोटी पुढेच आहे, ती मनाची. समजा, एकाने दहा निरनिराळ्या मापांचे बार भरले आणि प्रत्येकाच्या तीन-तीन गोळ्या झाडल्या. एका मापाच्या तिन्ही गोळ्या एकमेकींना चिकटून लागल्या. तो हर्षभरित होतो, तो कागद कापून पाकिटात ठेवतो, भेटेल त्याला दाखवितो आणि त्या मापाची दोनशे काडतुसे भरून टाकतो. पुढच्या रविवारी ती दोनशे काडतुसे सामान्य निघतात. मग तो वाऱ्याला दोष देतो, दुर्बिणीला देतो, शेवटी रायफल विकतो.

दोष असतो तो तीन या आकड्याचा. एकाच प्रकारच्या काडतुसाचे पाच-पाच गोळ्यांचे दहा पुंजके घेतले तर त्यांतील लहानात लहान आणि मोठ्यात मोठा यांत दुपटीचे अंतर सहज पडते. काडतूस तेच, रायफल तीच, माणूस तोच. तीन गोळ्यांत तर नशिबाचा वाटा याहूनही मोठा. शिवाय पुंजक्यात गोळ्या जितक्या अधिक तितका तो मोठा होत जातो. गणिताने पाहता दहा गोळ्यांचा पुंजका सरासरीने पाच गोळ्यांच्या पुंजक्याच्या सुमारे सव्वापट येतो, आणि तीन गोळ्यांच्या पुंजक्याच्या दीडपटीहून अधिक. म्हणजे तीन गोळ्यांची बढाई आणि दहा गोळ्यांची कबुली यांची तुलनाच होऊ शकत नाही. शाळेत एका घटक चाचणीवरून मुलाला हुशार किंवा ढ ठरविणारे पालक आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत, तेव्हा या बाबतीत अमेरिकन छांदिष्टाला आम्ही एकटा कसा धरणार? ज्याला सत्य हवे आहे तो एका वेळी एकच गोष्ट बदलतो, दहा किंवा वीस गोळ्या झाडतो, आणि पुंजक्याबाहेर गेलेली गोळी ‘ती माझ्या हाताची चूक’ म्हणून हिशेबातून वगळत नाही. हे शेवटचे फार कठीण आहे.

शिकाऱ्याची गोष्ट थोडी वेगळी. त्याला १०० यार्डांवर इंचाचा पुंजका पुष्कळ झाला. त्याची सारी भिस्त थंड नळीतून सुटणाऱ्या पहिल्या गोळीवर, कारण ती चुकली तर जनावर जखमी होऊन रानात तडफडत मरते. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली आहे. आणि काडतूस घरी भरणे ही हौस म्हणूनही आपल्याकडे मोकळी नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा बाळगण्याला परवाना लागतो आणि तो बनविण्याला निराळा. ते आम्हांस योग्यच वाटते.

मग कोल्हापूरच्या नेमबाजांशी या विद्येचा संबंध काय? संबंध आहे, पण तो उलट बाजूने. ५० मीटरच्या स्पर्धेत .२२ बोअरचे काडतूस वापरतात. एन.सी.सी.त गेलेल्या आमच्या मुलामुलींनी याच बोअरची रायफल झाडलेली असते, आणि ग्रुपिंग म्हणजे काय हेही त्यांना ठाऊक असते. या काडतुसाला वेगळी टोपी नसते. पेटणारे द्रव्य नळकांड्याच्या बुडाच्या पोकळ कडेतच भरलेले असते. घोड्याने कड चेपली की ते पेटते, आणि चेपलेली कड पुन्हा उपयोगाची राहत नाही. म्हणून हे काडतूस जगात कोठेच नेमबाजाला स्वतः भरता येत नाही. जे कारखान्यातून आले ते घ्यावयाचे.

आणि लक्ष्य किती बारीक! ५० मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे. अंतिम फेरीत त्याचेही दशांश करतात आणि १०.९ पर्यंत गुण देतात. दर दशांशाला गोळी सुमारे ०.८ मिलिमीटर मध्याजवळ यावी लागते. .२२ ची गोळी सेकंदाला साधारण ३३० मीटर वेगाने सुटते आणि ५० मीटर जाईतो सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. एखादे काडतूस सेकंदाला १० मीटरने मंद निघाले तर ती आणखी सुमारे ७ मिलिमीटर खाली लागेल. आठ-नऊ दशांश तेथेच गेले, आणि नेमबाजाकडून काडीइतकीही कसूर नाही. नळीचा थरथराट अनुकूल असेल, म्हणजे मंद गोळी उशिरा बाहेर पडताना नळीचे तोंड वर चाललेले असेल, तर हा तोटा काही अंशी भरून निघतो. नसेल तर वाढतो. एक नळी एका काडतुसाला का मानवते आणि शेजारची का मानवत नाही, याचे बरेचसे उत्तर येथे आहे.

तेव्हा बार बदलता येत नाही म्हणून नेमबाज बार निवडतो. बर्मिंगहॅमजवळची एली, जर्मनीत .२२ बनविणारी लापुआ, जर्मनीचीच आरडब्ल्यूएस या नामांकित कंपन्यांच्या प्रत्येक खोक्यावर लॉटचा क्रमांक छापलेला असतो. तेच यंत्र, तेच शिसे, तेच मेण. तरी एका लॉटचे काडतूस दुसऱ्या लॉटसारखे नसते. म्हणून नेमबाज आपली रायफल घेऊन चाचणीच्या ठिकाणी जातो. लाकडी दस्ता काढून नळी पोलादी पकडीत आवळतात, डॉक्टर मानांच्या जिब्राल्टरचेच ते आजचे रूप, आणि एकामागून एक लॉटच्या दहा-दहा गोळ्या झाडतात. विजेरी लक्ष्य दर गोळीची जागा टिपते. जे दोनतीन लॉट बरे निघतात त्यांच्या आणखी गोळ्या झाडतात, कारण पहिल्या दहांवर जाणता माणूस विसंबत नाही. शेजारच्या नेमबाजाच्या नळीत अप्रतिम ठरलेला लॉट याच्या नळीत सामान्य निघतो, आणि याचा त्याला लागत नाही. दोघे एकाच संघातले असले तरी काडतुसे उसनी देता येत नाहीत.

हवा तो लॉट सापडला की ऐपतीप्रमाणे त्याची हजारो काडतुसे एकदम घेऊन ठेवतात. त्यातली निवडक मोठ्या स्पर्धेसाठी राखतात आणि सरावाला हलकी वापरतात. तो लॉट कंपनी पुन्हा करीत नाही. खोकी संपत आली, किंवा झाडून झाडून नळीच बदलावी लागली, की रायफल पुन्हा पकडीत आवळायची आणि पहिल्या दहा गोळ्यांपासून सुरुवात करायची.